अग्निशामकाचा विसावा

२२ जून १८६१ रोजी, शनिवारच्या संध्याकाळी, लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण तीरावरील टूली स्ट्रीट या रस्त्यालगतच्या वखारींना आग लागली. आणि कापूस, ताग, साखर, चरबी, चहा, मसाले असा नाना देशींचा माल तेथे मजल्यांवर मजले रचून ठेवलेला असल्याने ती पुढे सुमारे पंधरवडाभर धुमसत राहिली. त्या शहराच्या अग्निदलाचा प्रमुख जेम्स ब्रेडवुड त्या वेळी साठीला पोचलेला होता. १८२४ साली, अवघ्या चोविशीत, एडिंबरो येथे नगराच्या खर्चाने चालणारे अग्निदल ज्याने बांधले, आणि आग रस्त्यावरून न विझवता आत शिरून तिच्या मुळाशी पाणी घालावे हा पाठ ज्याने आपल्या शिष्यांना घालून दिला, तो हा पुरुष त्या संध्याकाळी एका वेगळ्याच कामात गुंतला होता. आपली माणसे उष्म्याने गळून चालली आहेत हे पाहून प्रत्येकाला ब्रँडीचा एकेक घोट पोचावा, या बंदोबस्तासाठी तो त्यांच्यामधून फिरत होता. आणि ते करीत असतानाच वखारीची भिंत अंगावर कोसळून तो ठार झाला.

ब्रेडवुडच्या औषधाला आजचे वैद्यक मान्यता देणार नाही. तापलेल्या व घामाने आटलेल्या देहात मद्य घातल्याने थकवा झाकला जातो, जात नाही. शिवाय शरीरातील पाणी आणखी घटते ते वेगळेच. परंतु औषध चुकले तरी निदान अचूक होते. आगीशी झुंजणाऱ्या मनुष्याची शक्ती हीही पाण्याप्रमाणे खर्च होणारी वस्तू असून तिची भरपाई आगीच्या ठिकाणीच व्हावयास हवी, हे त्याला उमगले होते. त्यानंतरच्या दीडशेहून अधिक वर्षांत या साध्या जाणिवेचे शास्त्र कसे झाले, त्या शास्त्राचा जाबता कोठे कसा बसला, आणि आपल्याकडे ती गोष्ट अद्याप चहावाल्याच्या दयेवर कशी सोडलेली आहे, याचा आढावा घेण्याचा येथे विचार आहे.

आरंभी एका शब्दाचा निकाल लावणे बरे. इंग्रजी चालणाऱ्या देशांतील अग्निदले या व्यवस्थेला 'रिहॅब' असे आखूड नाव देतात. आपल्याकडे 'पुनर्वसन' हा त्याचा प्रतिशब्द धरणग्रस्तांच्या नावे कायमचा लागलेला असल्यामुळे तो येथे कुचकामी आहे. आणि 'विश्रांती' म्हटले की काम टाळून बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. माझ्या मते 'विसावा' हा शब्द येथे नेमका बसतो. आळंदीहून वा देहूहून निघालेल्या पालखीचे दुपारचे विसावे आणि रात्रीचे मुक्काम पूर्वीपासून मुक्रर झालेले असतात. कोण दमला आणि कोण दमला नाही याची चौकशी करून विसावा ठरत नाही; जागा आली की पालखी टेकते, विशीतला गडीही टेकतो आणि सत्तरीची आजीही टेकते, आणि टेकल्याबद्दल कुणाला कुणापुढे ओशाळे व्हावे लागत नाही. अग्निशामकाच्या विसाव्याचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

अग्निशामकाचा पोशाख हा आगीचा उष्मा बाहेर ठेवण्यासाठी शिवलेला असतो, आणि जो कपडा बाहेरचा उष्मा आत येऊ देत नाही तो आतला उष्माही बाहेर जाऊ देत नाही, हे सांगावयास भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. श्रम करणारे स्नायू स्वतःच भट्टीसारखे उष्णता निर्माण करतात. एरवी ही उष्णता घाम वाळताना निघून जाते. परंतु जाड अस्तराच्या कोटाखाली घाम वाळत नाही, तो नुसता वाहतो व गमबुटात साठतो. पाठीवरच्या श्वसनसंचासह, ज्याला जवान 'बीए सेट' म्हणतात, हा सगळा सरंजाम वीस ते पंचवीस किलोंच्या घरात जातो. अशा स्थितीत तासाला लीटरभराहून अधिक घाम सहज जातो, रक्तातील द्रवांश घटतो, रक्त अधिक दाट व अधिक गोठणशील होते, आणि तेच अपुरे रक्त एकीकडे स्नायूंना व दुसरीकडे कातडीला पुरविण्यासाठी हृदय आपल्या कमाल गतीच्या आसपास धावू लागते. याहून विलक्षण भाग असा की, मनुष्य आगीतून बाहेर आला म्हणजे त्याचे अंतर्गत तापमान लगेच उतरू लागते असे नव्हे. कोट अंगावर तसाच असेल तर ते पुढे काही मिनिटे चढतच राहते. म्हणून बाहेर आलेला जवान 'मी ठीक आहे' असे म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, परंतु त्याच्या देहात त्या घटकेला काय चालले आहे याची खबर त्याला स्वतःलाही नसते.

हृदयावरील या भाराचा हिशेब २००७ साली अमेरिकेत मोठ्या बारकाईने मांडला गेला. १९९४ ते २००४ या काळात कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या तेथील अग्निशामकांच्या नोंदी तपासल्यावर असे आढळले की, त्यांतील ३९ टक्के मृत्यू हृदयविकाराने झाले होते. भाजून वा ढिगाऱ्याखाली सापडून मरणारा अग्निशामक आपल्या कल्पनेत असतो. हृदय बंद पडून मरणारा नसतो. वर्षभराच्या कामाच्या वेळापैकी प्रत्यक्ष आग विझवण्यात अग्निशामकाचा १ ते ५ टक्के वेळ जातो, परंतु हृदयविकाराच्या मृत्यूंपैकी ३२ टक्के त्या अल्प वेळात घडतात. म्हणजे तातडी नसलेल्या कामाशी तुलना करता धोका दहापट ते शंभरपट होतो. आणि ही जोखीम आग विझताच संपत नाही; केंद्राकडे परतताना, बंब जागेवर लावून झाल्यावर, घटनेच्या उतरणीवरही ती रेंगाळते. 'आग आटोक्यात आली' ही वार्ता इमारतीपुरती खरी असते.

आता वायूंचा विचार. धूर म्हणजे काळे काजळ ही समजूत अर्धवट आहे. त्याचा सर्वांत घातक भाग डोळ्यांना दिसत नाही. कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो, आणि साध्या हवेत श्वास घेत बसल्यास त्याचा निम्मा भाग उतरावयास चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास हेच काम तासा-दीड तासात होते. येथे एक घरगुती सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. करोनाच्या साथीत आपल्या प्रत्येक घरात बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटर आला, आणि त्यावर ९८ दिसले की आपण निर्धास्त होऊ लागलो. परंतु ते साधे यंत्र लाल रक्त पाहते. ते लाल प्राणवायूने झाले की कार्बन मोनॉक्साइडने, हा भेद त्याला कळत नाही. धुरातून आलेल्या जवानाच्या बोटाला ते लावले असता ९८ हाच आकडा दिसू शकतो आणि तो माणूस आतून गुदमरलेला असू शकतो. दोन्हींतील भेद दाखविणारी यंत्रे बाजारात आहेत व ती खऱ्या विसाव्याच्या ठिकाणी असावीच लागतात. नसल्यास, डोके दुखते आहे, मळमळते आहे, असे म्हणणाऱ्यास आकडा न विचारता प्राणवायू लावावा, एवढे शहाणपण तरी तेथे हजर असले पाहिजे.

कार्बन मोनॉक्साइडचा जुळा भाऊ हायड्रोजन सायनाइड हा फोमच्या गाद्या, सोफ्याचे अस्तर, प्लास्टिक, नायलॉन व लोकर यांच्या ज्वलनातून निघतो. म्हणजे आजच्या कोणत्याही दिवाणखान्यातून निघतो. निवासी इमारतींच्या आगींत सापडलेल्यांच्या रक्तात तो किती असतो, हे पॅरिसमधील वैद्यांनी १९९१ साली सप्रमाण दाखवून दिले. ते तेथेच व्हावे यात नवल नाही; पॅरिसचे अग्निदल नेपोलियनने १८११ मध्ये स्थापिल्यापासून सैन्याचा भाग आहे, त्याचे स्वतःचे वैद्य आहेत, आणि ते वैद्य आगीच्या ठिकाणी जातात. बी-१२ या जीवनसत्त्वाचाच एक प्रकार असलेला हायड्रॉक्सोकोबालामिन हा त्यावरील उतारा तेथे घटनास्थळीच दिला जातो. वैद्य आगीपाशी नेला की विज्ञानही तेथे पोचते, हा त्या दलाच्या इतिहासाचा मला सर्वांत लोभस वाटणारा भाग आहे.

परंतु काळ्या काजळाला निर्दोष म्हणून सोडून देता येत नाही. २०२२ च्या जूनमध्ये ल्योन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाचा पेशाच पहिल्या वर्गात, म्हणजे मनुष्यात निश्चितपणे कर्करोग घडविणाऱ्या कारणांच्या यादीत, घातला. याच संस्थेने २००७ मध्ये त्यास 'शक्यता आहे' एवढ्या सौम्य शेऱ्यावर सोडले होते. फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा आणि मूत्राशयाचा कर्करोग यांविषयीचा पुरावा संस्थेने पुरेसा ठरविला. मोठे आतडे, पुरःस्थ ग्रंथी, वृषण यांचे कर्करोग, त्वचेचा मेलानोमा व लसिकाग्रंथींचा एक कर्करोग यांबाबत तो मर्यादित, तरी दखल घेण्याजोगा मानला. श्वसनसंच लावूनही हे कसे, असा प्रश्न येथे साहजिक आहे. त्याचे उत्तर मानेच्या कातडीत आहे. मुखवटा आणि कोटाची कॉलर यांमध्ये जी पट्टी उघडी राहते, तेथे काजळ बसते; घामाने भिजलेली, तापलेली त्वचा ते टीपकागदासारखे शोषून घेते; आणि संच लावून आत गेलेल्या जवानांच्या लघवीतही त्या काजळाचे अंश पुढे सापडतात. अमेरिकेत इलिनॉय येथे मुद्दाम पेटविलेल्या घरांवर प्रयोग झाले, त्यांत असे दिसले की आग विझल्यावर लागलीच पाणी, साबण व ब्रश घेऊन कोट जागच्या जागी धुतला तर त्यावरील घातक काजळ सुमारे ८५ टक्क्यांनी उतरते, आणि मान ओल्या रुमालाने पुसली तर तेथील काजळ निम्म्याहून अधिक जाते. स्वीडनमधील शेलेफ्टिओ या छोट्या नगराच्या अग्निदलाने यापुढे जाऊन मळके कपडे जवानांच्या बसण्याच्या जागेत येऊच द्यायचे नाहीत, अशी शिस्त बसविली. ते निराळ्या थैलीत बांधून, निराळ्या वाटेने, निराळ्या धुलाईला जातात. आपल्याकडील जुन्या घरांतील सोवळ्या-ओवळ्याची आठवण यामुळे व्हावी. फरक इतकाच की येथील विटाळ प्रयोगशाळेत मोजता येतो.

या बाबतीत दीर्घ आगी विशेष फसव्या असतात. २०१६ च्या जानेवारीअखेर मुंबईतील देवनारच्या कचराभूमीला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अशा आगीत ज्वाळा थोड्या, धूर अपार. भिंत कोसळण्याचे भय नाही, म्हणून संच लावण्याची घाई नाही. आणि सर्वांचा नाकावर रुमाल बांधून भागविण्याकडे कल. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ रोजी ३४३ अग्निशामक एका सकाळी मृत्युमुखी पडले. परंतु त्या राखेत पुढे कित्येक आठवडे उकरत राहिलेल्यांपैकी त्या धुळीच्या रोगांनी मेलेल्यांची संख्या २०२३ च्या सप्टेंबरात तितकीच, ३४३, भरली, आणि तेथेच थांबली नाही. पहिला आकडा साऱ्या जगाला पाठ आहे.

हे सर्व कळल्यावरही विसावा आपोआप घडत नाही, कारण अग्निदलाच्या आत एक अतिशय जुनी व एका अर्थी अतिशय सुंदर परंपरा त्याच्या आड उभी आहे: पुढे जाणारा तो जवान, आणि सर्वांत पुढे जाणारा तो अधिकारी. ९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास या इमारतीच्या आगीत इमारत कोसळून दलाचे चार अधिकारी गेले; दोघे त्याच दिवशी, आणि भाजलेले दोघे नंतरच्या दिवसांत. त्या दोघांत दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर हे स्वतः होते. ब्रेडवुड आणि नेसरीकर यांच्यामध्ये दीडशे वर्षांचे अंतर आहे, पण दोघेही आपल्या माणसांत उभे असताना पडले. अशा दलात खांद्यावरचा सिलिंडर उतरवून 'मला थोडे बसू द्या' म्हणणे किती जड जात असेल, याची कल्पना कार्यालयात बसून लेख लिहिणाऱ्याने विनयानेच करावी.

म्हणून विसावा जवानाच्या मर्जीवर ठेवता येत नाही. तो हुकुमाने मिळाला पाहिजे. आणि हुकुमाने तो कसा मिळतो याचे उदाहरण खुद्द अग्निदलाच्याच इतिहासात आहे. २३ जानेवारी १९५८ रोजी लंडनच्या स्मिथफील्ड या मांसबाजाराच्या तळघरात आग लागली. तळघर म्हणजे चक्रव्यूहच होता. आत गेलेले दोघे वाट चुकले आणि पाठीवरचा प्राणवायू संपल्याने मरण पावले. आत कोण आहे, कधी गेला, त्याच्याकडे किती हवा उरली, हे बाहेर कुणालाच ठाऊक नव्हते. त्या घटनेनंतर ब्रिटनमध्ये टॅलीची पद्धत पक्की झाली: आत शिरताना जवानाने आपल्या संचावरील बिल्ला दारातल्या माणसाकडे द्यायचा, त्यावर नाव, सिलिंडरातील दाब आणि वेळ असायची, आणि दारातल्या माणसाने हिशेब करून अमक्या मिनिटाला तमका बाहेर दिसलाच पाहिजे हे ठरवायचे, आणि न दिसला तर दुसरी तुकडी आत धाडायची. अनुभवी जवानांना हा कारकुनी जाच वाटणे शक्य होते. आज बिल्ला न देता आत शिरणाऱ्यास कुणी शूर म्हणत नाही, अडाणी म्हणतात. हवेचा हिशेब असा रूढ झाला. उष्म्याचा हिशेब मात्र आपल्याकडे व्हायचाच राहिला, इतकेच माझे म्हणणे आहे.

अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने हा दुसरा हिशेब लिहून काढला. १५८४ क्रमांकाचा तिचा दस्तऐवज २००३ मध्ये शिफारस म्हणून निघाला आणि २००८ मध्ये त्यास मानकाचा दर्जा मिळाला. त्याचे सूत्र पाठ करण्याइतके सोपे आहे. तीस मिनिटांचा एक सिलिंडर संपला, किंवा सिलिंडराविना वीस मिनिटे कडक श्रम झाले, की निदान दहा मिनिटे टेकायचे व पाणी प्यायचे. असे दोन सिलिंडर झाले, किंवा चाळीस मिनिटे श्रम झाले, की रीतसर विसाव्याच्या जागी जाऊन निदान वीस मिनिटे बसायचे, नाडी व लक्षणे तपासून घ्यायची, आणि तपासणाऱ्याने सोडल्याखेरीज परत जायचे नाही. या नियमातील मोलाचा भाग मिनिटांचे आकडे नाहीत. आकडे मागेपुढे होतील, आणि मुंबईच्या मे महिन्यात, जेव्हा रस्त्यावर उभ्या माणसाचाही घाम वाळत नाही, तेव्हा ते पुढेच ओढावे लागतील. मोलाचा भाग हा की, येथे सोडणाराचा अधिकार जाणाराच्या इच्छेवर चालतो. तेथील जवानांनाही हे सहजी रुचले असेल असे मला वाटत नाही.

विसाव्याच्या जागी नेमके करायचे काय, याविषयी मतभेद फार थोडे उरले आहेत. कोट, गमबूट, हातमोजे प्रथम उतरवायचे. सावली, वारा व पाणी द्यायचे. आणि हात कोपरापर्यंत गार पाण्यात बुडवून ठेवायचे. हा शेवटचा उपाय ऐकताना बाळबोध वाटतो, पण टोरांटो येथील अग्निशामकांवर उष्ण खोलीत केलेल्या प्रयोगांत तुषारपंख्याहूनही त्याची सरशी झाली. नुसते बसून राहणाऱ्यांच्या मानाने हात बुडविणारे दीडपटीहून अधिक वेळ काम करू शकले. मनगटाजवळ रक्त कातडीच्या अगदी निकट वाहते व हाताच्या पंज्यातून उष्णता झटकन निघते, हे त्याचे कारण. शेतातून आलेला माणूस पडवीत पाय ठेवण्यापूर्वी हातपाय धुतो, त्यात शुचितेच्या जोडीने हे शरीरशास्त्रही आपल्या वाडवडिलांच्या अंगवळणी पडले होते की काय, असा विचार मनात येतो. परंतु असल्या विचारांचा मोह आवरलेला बरा, नाहीतर प्रत्येक शोध आपल्या पूर्वजांच्या नावे लावण्याचा रोग जडतो.

काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका जुन्या बाजारपेठेतील गोदामाची आग मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून पाहिली. वर्दी सकाळी गेली होती. मी पोचलो तेव्हा दुपार उलटली होती व जवान आळीपाळीने बाहेर येत होते. एक पंचविशीतला मुलगा बाहेर आला, शिरस्त्राण काढून बंद दुकानाच्या फळीवर टेकला, आणि चहावाल्याने पुढे केलेला कटिंगचा ग्लास त्याने घेतला. ग्लास त्याच्या हातात इतका थरथरत होता की अर्धा चहा कोटावर सांडला. शेजारच्या म्हाताऱ्या दुकानदाराने काही न बोलता ग्लास त्याच्या हातून घेतला आणि लहान मुलाला पाजावा तसा त्याच्या ओठांशी धरला. कुणीतरी ग्लुकोज बिस्किटांचा पुडा फोडला. त्या मुलाने कोटाची बटणेही सोडली नव्हती. सात-आठ मिनिटे झाली असतील. आतून हाक आली आणि तो उठून गेला. पंपावरचा ऑपरेटर मात्र या साऱ्या वेळात दाबाच्या काट्यावरून नजर हलवीत नव्हता. काटा जरा उतरला की हात चाकावर जाई. पंपाला काटा होता.

चहावाल्याची आणि दुकानदाराची ती माया मी विसरलेलो नाही. लंडनवर बाँब पडत होते तेव्हा तेथील स्त्रियांच्या स्वयंसेवक संघाच्या फिरत्या उपाहारगाड्या अग्निशामकांना रस्त्यावर चहा देत हिंडल्या, हेही त्याच मायेचे रूप. परंतु माया गल्लीगणिक बदलते. बाजारपेठेत बिस्किटे मिळतात, औद्योगिक वसाहतीच्या टोकाला मध्यरात्री पेटलेल्या रसायनांच्या कारखान्यापाशी कोण कटिंग घेऊन येणार?

आपल्या कायद्याच्या दफ्तरात या विषयाची काय स्थिती आहे? राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीने अग्निशमन हे नगरपालिकांच्या कामांत घातले. महाराष्ट्राने २००६ मध्ये आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा अधिनियम केला, ज्याचा सगळा रोख, आणि तो योग्यच, इमारतींवर व त्यांच्या मालकांवर आहे. केंद्राने २०१९ मध्ये राज्यांसाठी नमुना विधेयक धाडले आणि २०२३ मध्ये अग्निसेवांच्या विस्तारासाठी ५,००० कोटींची योजना आखली. पैसा आला म्हणजे गाड्या येतात, शिड्या येतात. मुंबईकडे ९० मीटर उंच जाणारी शिडी आहे व तिचा अभिमान वाटावा अशीच ती आहे. परंतु शिडीचे उद्घाटन होते, छायाचित्र निघते. हात बुडविण्याच्या टोपाचे उद्घाटन कोण करणार! कामगारांच्या नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याने व्यवसायजन्य रोगांची जी यादी केली तीत अग्निशामकाचा पेशा नावानिशी आला नाही. सबब निवृत्तीनंतर मूत्राशयाचा कर्करोग झालेल्या जवानाने तो रोग आगीनेच दिला हे स्वतः सिद्ध करावयाचे. कॅनडातील मॅनिटोबा प्रांताने २००२ मध्ये हे ओझे उलट फिरविले: ठराविक वर्षे नोकरी झालेल्या अग्निशामकास ठराविक कर्करोग झाला तर तो नोकरीमुळेच झाला असे गृहीत धरायचे, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी दुसऱ्या पक्षावर. ल्योनच्या निर्णयानंतर आपल्याकडेही ही तजवीज करण्यास शास्त्रीय अडचण राहिलेली नाही. उरलेल्या अडचणी खजिन्याच्या आहेत.

दरवर्षी १४ एप्रिलला आपण १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटांचे स्मरण करतो. फोर्ट स्टिकीन या जहाजावर दारूगोळा आणि कापसाच्या गासड्या एकत्र भरल्या होत्या. ती आग विझविताना स्फोटात ६६ अग्निशामक गेले, आणि त्यांच्या नावे देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या मरणाला सलामी देणे सोपे नाही, परंतु त्याची जागा व वेळ निश्चित आहे. जो जवान देवनारसारख्या आगींतून वीस वर्षे काम करून घरी गेला आणि साठीत खोकत संपला, त्याचे नाव कोणत्याही स्तंभावर कोरले जात नाही, कारण तो कोणत्या आगीत गेला हे सांगता येत नाही.

मनाच्या विसाव्याविषयी थोडेच सांगतो, कारण येथे उत्साह फार आणि पुरावा थोडा आहे. पूर्वी स्वतः अग्निशामक असलेल्या जेफ्री मिचेल या अमेरिकन तज्ज्ञाने १९८३ मध्ये अशी पद्धत सुचविली की, भीषण घटनेनंतर लवकरच सर्वांना एकत्र बसवून जे पाहिले ते बोलावयास लावावे. ती जगभर पसरली. पुढे अनेक चाचण्यांचा एकत्रित अभ्यास झाला तेव्हा असे दिसले की, अशा एका बैठकीने पुढचा मनोविकार टळत नाही. काहींच्या बाबतीत नुकसानच होत असावे. आज तज्ज्ञ सांगतात की बळेच बोलते करू नये. माणूस एकटा पडणार नाही, त्याला झोप व घरचा निरोप मिळेल, आणि आठवड्यांनंतरही झोप परतली नाही तर उपचाराची वाट खुली असेल, इतके पाहावे. लेकराचे कलेवर बाहेर आणलेल्या जवानाला लगेच दुसऱ्या वर्दीवर न धाडणे हा अधिकाऱ्याच्या हातातला उपाय कोणत्याही बैठकीहून मोठा आहे.

विसाव्याच्या विरुद्ध खरा आक्षेप एकच, आणि तो प्रत्येक केंद्रात ऐकावयास मिळेल: माणसेच कमी, बसवायचे कुणाला? आक्षेप खोटा नाही. परंतु मुंबईत आगीला पहिल्यापासून चढत्या श्रेणी देण्याची पद्धत आहे. श्रेणी वाढली की जादा बंब व जादा टँकर निघतात, त्यासाठी कुणाच्या विनवण्या कराव्या लागत नाहीत. दुसऱ्या श्रेणीच्या वर्दीबरोबर एक विसाव्याची गाडी आणि एक राखीव तुकडी आपोआप निघावी, असा एक हुकूम त्याच कागदावर चढविता येईल. गाडीत लागायचे ते काय? ताडपत्री, दोन मोठे पंखे, घडीच्या खुर्च्या, साखर-मिठाचे पाणी, साबण, ब्रश, मळके कोट बांधण्याच्या थैल्या, प्राणवायू, हात बुडविण्याचे चार टोप. बर्फ मासळी बाजारात मिळतो. २०१४ पासून राज्यात धावणारी १०८ ची रुग्णवाहिका बहुधा आगीपाशी आलेलीच असते. तिच्यातील डॉक्टर जळिताची वाट पाहत बसलेले असतात, त्यांच्याकडे जवानांची नाडी सोपवायची. आणि एक माणूस, हुद्द्याने फार मोठा नसला तरी चालेल, पण ज्याच्या 'बसा' या शब्दापुढे स्टेशन ऑफिसरचीही हाक चालणार नाही. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाने हा माणूस घडविण्याचा स्वतंत्र पाठ सुरू केला, तर तो देशभर पोचेल. या यादीतील सर्वांत महाग वस्तू तोच आहे, कारण त्याचा अधिकार दुसऱ्या कुणाच्या तरी अधिकारातून कापून द्यावा लागणार.

मळक्या कोटाच्या थैलीचा उल्लेख वर ओघात आला. ती नसते तेव्हा काय होते, हे मी एका शहरातील अग्निशामकांच्या वसाहतीत पाहिले. आदल्या रात्री भंगाराच्या गोदामाला लागलेल्या आगीवरून आलेल्या एका जवानाच्या घरी गेलो होतो. ते झोपले होते. त्यांच्या पत्नीने मोरीत बसून त्यांचा कोट भिजत घातला होता. पाणी तीनदा बदलून झाले होते, तरी चौथे पाणीही डांबरासारखेच निघत होते, आणि त्या उघड्या हातांनीच कॉलरची घडी उलटून ब्रशाने घाशीत होत्या. शेजारच्या बादलीत, पुढच्या पाळीला, मुलांचे शाळेचे पांढरे शर्ट होते.